दत्तोबा गुरुजींचा खुलासा

तिकोणा पेठेतल्या दत्तोबा घारे गुरुजींना नोकरीतून दोन गोष्टी मिळाल्या: एक पेन्शन आणि एक ठपका. पेन्शन ते दर महिन्याला आणत आणि विसरून जात. ठपका मात्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत, लग्नाच्या फोटोखाली जपून ठेवला होता. त्यांच्या बायको हिराबाई म्हणायच्या, "फोटो वर नि नोटीस खाली. पर ह्यांचं ध्यान सारं खालीच."

ठपका कशाचा, तर पाढ्यांचा. गुरुजींनी चौतीस वर्षं मावळातल्या मराठी शाळांमध्ये काढली, शेवटची बरीच गावातच. त्यांची पद्धत एकच. प्रार्थना झाली की उजळणी. एक ते तीस पाढे तर कोणीही घेईल. गुरुजी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, पार साडेतीनाच्या औटकीपर्यंत जात. एका पोराने पुढून म्हणायचं, बाकीच्यांनी मागून उचलायचं. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. पत्रे थरथरत. खाचरात काम करणारी माणसं औटकी ऐकू आली की भाकरीची वेळ झाली असं समजत, आणि ती सहसा झालेली असे.

मग सोळा वर्षांपूर्वी कचेरीतून आनंद आला. म्हणजे आनंददायी शिक्षण. त्याचं प्रशिक्षण झालं. पन्नाशीच्या गुरुजींनी डोक्याला कागदी टोपी लावून तीन दिवस बेडूक म्हणून उड्या मारल्या आणि चौथ्या दिवशी गुडघा धरून शाळेत आले. आल्या आल्या त्यांनी पावकी सुरू केली, कारण गुडघा दुखत असताना दुसरं काय करणार. नेमके त्याच वेळी विस्तार अधिकारी आदिनाथ बोरकर साहेब दारात उभे राहिले.

साहेब गुरुजींहून वयाने लहान होते, हुशार होते आणि त्यांच्या बगलेत एक जाड अहवाल होता. त्यांनी तिसरीतल्या राजेश्वरीला उभं केलं. राजेश्वरीची पावकी सगळ्यांत पक्की. साहेबांनी गोड आवाजात विचारलं, "बाळ, पाऊण म्हणजे काय?" राजेश्वरीने गुरुजींकडे पाहिलं, मग पत्र्याकडे पाहिलं आणि मग ती रडायला लागली.

आठवड्याने नोटीस आली. 'आपण विद्यार्थ्यांकडून अर्थहीन घोकंपट्टी करून घेत असल्याचे प्रत्यक्ष भेटीत निदर्शनास आले आहे. सदर बाब बालकेंद्री धोरणाशी विसंगत असून याबाबत आपला लेखी खुलासा सादर करावा.' गुरुजींनी रात्रभर विचार केला आणि सकाळी तीन वाक्यांचा खुलासा लिहिला: 'मुले लहान आहेत. पाठ आधी होते. अर्थ पुढे कळेल.' तो कागद परत आला तेव्हा त्यावर लाल शाईने शेरा होता: 'खुलासा समाधानकारक नाही.' खाली बोरकर साहेबांची लफ्फेदार सही. ठपका सेवापुस्तकात चढला.

त्या दिवसापासून गुरुजींनी शाळेतली उजळणी बंद केली. घरी मात्र म्हशीची धार काढताना निमकी चालू असे आणि म्हैस तोंडी परीक्षा घेत नसल्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला. भाषणात बोरकर साहेबांनी त्यांना 'उपक्रमशील शिक्षक' म्हटलं, कारण त्या महिन्यात निवृत्त होणाऱ्या सगळ्यांनाच ते तसं म्हणत होते. गुरुजींना राग आला आणि वाईटही वाटलं. त्यांची आता एकच इच्छा उरली होती. एकदा, फक्त एकदा, भरलेला वर्ग मिळावा, पावकी घुमावी, आणि समोर बोरकर साहेब बसलेले असावेत. ठपका कागदावरून जाणार नव्हता, हे त्यांना माहीत होतं. तो साहेबांच्या तोंडून जावा, एवढंच.

निवृत्तीला आठ वर्षं झाली. मुलगा आणि सून अनिता तळेगाव दाभाड्याला सोसायटीत राहत, दोघंही कंपनीत. त्यांची सात वर्षांची चैताली दिवाळीच्या सुट्टीत आजोळी नव्हे, आजोबांकडे आली. एके सकाळी ती ओट्यावर पाय हलवत म्हणत होती, "आमो, आमास, आमात." गुरुजी वैरणीची पेंढी घेऊन निघाले होते, ते तिथेच थांबले. ही चाल त्यांच्या ओळखीची होती. पुढून उचलायचं, मागून ओढायचं, शेवटी आपटायचं.

"हे काय गं?"

"लॅटिन."

"म्हणजे काय त्याचं?"

"म्हणजे बिणजे नसतं, आजोबा. आधी पाठ करायचं. अर्थ तिसरीत सांगणार आहेत."

गुरुजींच्या हातातली पेंढी खाली पडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हिराबाईंना वाटलं गुडघा गेला.

चैतालीची शाळा पवनेच्या काठाला होती. नाव 'ऑलिव्ह हिल क्लासिकल ख्रिश्चन अकॅडमी'. ऑलिव्हचं झाड तिथे एकही नव्हतं, कुंपणाला करवंदीच्या जाळ्या होत्या. जागा मूळ एका बंद पडलेल्या रिसॉर्टची. शनिवार-रविवारी मुंबईकर जिथे नाचत, तिथे आता चौथीचा वर्ग बसे. पोहण्याचा तलाव कोरडा करून त्यात प्रार्थना होई आणि मुलं त्यात खोलीप्रमाणे बसत: पहिली तीन फुटांवर, चौथी पाच फुटांवर. काठावर 'बुडी मारू नये' ही पाटी तशीच होती. ती कोणी काढली नव्हती आणि प्रार्थनेच्या वेळी ती कोणाला खटकतही नव्हती.

शाळेच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं की शिक्षणाच्या तीन पायऱ्या असतात: लहानपणी साठवायचं, मधल्या वयात वाद घालायचा, मोठेपणी नीट बोलायचं. लहान मुलांना पाठांतराचा आनंदच होतो, म्हणून त्यांच्याकडून स्तोत्रं, सनावळी, लॅटिन आणि देवाविषयीची प्रश्नोत्तरं घोकून घ्यावीत, हीच हजारो वर्षांची खरी पद्धत. गुरुजींनी शब्दकोश घेऊन ते इंग्रजी पुस्तक तीनदा वाचलं. खुलाशात त्यांनी तीन वाक्यांत लिहिलेलं इथे चकचकीत कागदावर चाळीस पानं झालं होतं, आणि त्यासाठी आईबाप रांग लावत होते.

रांगेत ख्रिस्ती घरं मोजकी. बाकी सगळे तळेगावच्या सोसायट्यांमधले आणि लोणावळ्याच्या बंगल्यांमधले. त्यांच्यात 'आमची लॅटिन करते' असं बोलायची पद्धत पडली होती, जसं पूर्वी कथ्थक करते म्हणत. लॅटिन बोलणारा माणूस मावळात कुठे भेटणार, हे कोणी विचारत नव्हतं. घरी मूल मराठीत शंभरपर्यंत मोजू शकत नाही, याचाही कोणाला त्रास नव्हता; उलट ते जरा कौतुकानेच सांगितलं जाई.

सुट्टी संपल्यावर चैतालीला सोडायला गुरुजी स्वतः गेले. मधली सुट्टी होती. ते तलावाच्या पायरीवर टेकले. भोवती पाच-सहा पोरं जमली. गुरुजींनी सहज विचारलं, "पावकी येते का रे?" मुलं म्हणाली, "ते काय असतं?" गुरुजींनी सांगितलं नाही, म्हणून दाखवलं. दहा मिनिटांत पन्नास पोरं तलावात उतरली होती आणि पावकी घुमत होती. कोरड्या तलावात आवाज असा काही फिरत होता की पत्र्याची शाळा त्यापुढे काहीच नाही. मुख्याध्यापिका मार्था साळवे धावत बाहेर आल्या.

मार्थाबाई नगर जिल्ह्यातल्या, पन्नाशीच्या, सुती साडीतल्या. गुरुजी चटकन उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "माफी असावी."

"माफी कसली? पुढे येतं का तुम्हाला?"

"औटकीपर्यंत येतं."

बाई पायरीवर बसल्या. "माझे आजोबा स्तोत्रं म्हणायचे," त्या म्हणाल्या. "शेवटी दृष्टी गेली होती, पवित्र शास्त्र हातात धरून काही उपयोग नव्हता. पण सगळं आत होतं. पहाटे उठून म्हणत बसायचे. माणसाचं सगळं जातं गुरुजी, तोंडपाठ असतं ते राहतं." मग जरा हसून त्या म्हणाल्या, "आमच्या विश्वस्तांना हे पाठांतर परदेशातून आलंय असं वाटतं. मी काही बोलत नाही. वाटू दे."

मराठीच्या बाई नुकत्याच सोडून गेल्या होत्या. गुरुजींना रोज सकाळी एक तास मराठी आणि वीस मिनिटं उजळणी मिळाली. गळ्यात ओळखपत्र आलं. त्यावर विश्वस्तांनी छापलं होतं: 'मेमरी मास्टर'. हिराबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि नातीला वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "चौतीस वर्सं गुरुजी हुतात तेच बरं हुतं."

गावात चर्चा होणारच होती. सखारामच्या हॉटेलात चहा घेताना सखारामने फडकं खांद्यावर टाकून विचारलंच, "गुरुजी, लय जातायसा तिकडं. आता गळ्यात क्रूस कवा घालायचा?"

"अरे, मी तितं पावकी घेतो."

"पयलं पावकीच असती वो. मंग हळूहळू."

"हळूहळू काय?"

"निमकी," मागून कोणीतरी म्हणालं आणि हॉटेल हसलं. हा सखाराम स्वतःच्या नातवाला त्या शाळेत प्रवेश मिळतो का, हे पुढच्याच आठवड्यात गुरुजींना एका बाजूला घेऊन विचारणार होता. क्रूसाचं तेव्हा त्याला आठवलं नाही.

गुरुजी खुशीत होते. मात्र तिसऱ्या दिवशी ते पाणी प्यायला शाळेच्या स्वयंपाकघराकडे गेले आणि दारातच थबकले. आत राजेश्वरी होती. पाऊण विचारल्यावर रडलेली तीच. आता पंचविशीची, पदर खोचलेली, समोर दुधाचं पातेलं.

"किती पोरं पयलीची?" आतून स्वयंपाकीण ओरडली.

"अठ्ठावीस."

"पाव पाव लिटर."

"अठ्ठावीस पाव सात," राजेश्वरी म्हणाली, वर न बघता. दूध ओतून झाल्यावर तिने पाहिलं. "आगं बया! गुरुजी, तुमी हितं?"

गुरुजी पातेल्यापाशी आले. त्यांनी विचारलं, "पाऊण म्हंजी काय गं, पोरी?"

राजेश्वरी हसली. "तीन पोरांचं दूध. समदं कळलं वो गुरुजी. तवाच तेवढं आठवलं न्हाई. तुमाला माज्यामुळं बोलणं बसलं, असं आई कायम म्हनायची." मग तिचा आवाज उतरला. "माजी पोरगी आपल्या मराठी शाळंत हाय. पयलीला. तितं आता पाढं न्हाईत, नुसती गाणी नि रंग. ह्या पोरांना शिकवता ते तिला कोण शिकवनार?"

"माजा काय इलाज?" गुरुजी म्हणाले. "तितं ठपका बसतो."

राजेश्वरीने मान हलवली आणि पेले मांडायला घेतले. गुरुजी पाणी न पिताच परतले. ते उत्तर त्यांना स्वतःलाच आवडलं नव्हतं.

फेब्रुवारीत पाठांतर-दिन आला. आजी-आजोबांना खास निमंत्रण. तलावाच्या काठावर पांढऱ्या खुर्च्या, गुरुजींच्या अंगावर इस्त्रीचा सदरा. पाहुणे बसू लागले आणि दुसऱ्या रांगेत गुरुजींना ओळखीचं टक्कल दिसलं. टक्कल नवीन होतं, पण बगलेतला अहवाल जुन्या सवयीचा होता. आदिनाथ बोरकर. वरच्या पदावरून निवृत्त झालेले, लोणावळ्यात बंगला बांधलेले, आता शिक्षण सल्लागार. त्यांचा नातू ओंकार दुसरीत शिकतो, हे गुरुजींना आज कळत होतं. हजेरीवर मुलांची फक्त पहिली नावं होती. गुरुजींचा हात आपोआप खिशाकडे गेला. पिशवीतली नोटीस त्यांनी आज बरोबर आणलेली नव्हती, याची त्यांना हळहळ वाटली.

कार्यक्रम सुरू झाला. पहिलीने देवाविषयीची प्रश्नोत्तरं म्हटली. "आपण खरं का बोलतो?" "देव ऐकतो म्हणून." हिराबाई पाहुण्यांत बसल्या होत्या, त्या शेजारणीला म्हणाल्या, "हे खरंच हाय की." मग स्तोत्र झालं, मराठीत, आणि ते चालू असताना मार्थाबाईंचे ओठ हलत होते. मग लॅटिन झालं आणि आईबापांनी मोबाइल वर धरले. मग गुरुजी तलावात उतरले, पाच फुटांवर उभे राहिले आणि त्यांनी ओंकारला पुढे घेतलं.

का घेतलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पोरगा चांगला होता, खणखणीत आवाजाचा. "एक पाव पाव," तो म्हणाला आणि दीडशे पोरांनी मागून उचललं. पावकी झाली, निमकी झाली, पाऊणकीला काठावरच्या खुर्च्यांमधून म्हातारी माणसं बसल्या जागी म्हणू लागली. औटकीला तर एक आजोबा उभेच राहिले. बोरकर साहेब डोळे पुसत होते.

नंतर ते स्वतः चालत गुरुजींकडे आले. सोळा वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं.

"वा, वा!" साहेब दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले. ओळख त्यांच्या डोळ्यांत नव्हती. "कुठे होतात तुम्ही इतकी वर्षं?"

"मराठी शाळेत, साहेब."

"आणि हे तिथे का नाही केलंत? आपल्या सरकारी शाळांना याचीच तर गरज होती! पाया, पाया! मी तर आयुष्यभर हेच सांगत आलो."

शेजारी दोन विश्वस्त उभे होते, ते माना डोलवू लागले. गुरुजींनी सोळा वर्षं घोटून ठेवलेलं भाषण त्यांना एकदम आठवेनासं झालं. पावकी विसरणार नाही इतकं ते पाठ होतं, आणि ऐन वेळी गेलं. समोर ओंकार होता. गुरुजी वाकले आणि त्यांनी गोड आवाजात विचारलं, "बाळ, पाऊण म्हणजे काय?"

ओंकारने आजोबांकडे पाहिलं. मग आकाशाकडे पाहिलं. मग त्याचा ओठ थरथरला.

"अहो, लहान आहे तो!" बोरकर साहेब घाईने पुढे आले आणि त्यांनी नातवाला जवळ घेतलं. "आधी पाठ होऊ द्या. अर्थ काय, पुढे कळेल."

गुरुजी सरळ उभे राहिले. हात जोडून, कचेरीत उभे राहत तसे.

"खुलासा समाधानकारक आहे, साहेब."

साहेब मोठ्याने हसले. त्यांना वाटलं काहीतरी विनोद झाला. "फार छान बोलता तुम्ही," ते म्हणाले, गुरुजींच्या खांद्यावर थोपटलं आणि नातवाचं बोट धरून जेवणाच्या रांगेकडे गेले. तिथे राजेश्वरी वाढत होती. साहेबांनी तिच्यापुढे ताट धरलं आणि तिने वाढलं. दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही.

गुरुजी कोरड्या तलावातच उभे होते. ठपका गेला होता आणि ते सांगायला माणूस उरला नव्हता. ज्याच्या तोंडून शाबासकी हवी होती त्याने ती दिली होती. फक्त रागावला होता कोणावर, हे तो विसरून गेला होता. गुरुजींना संताप आला. एवढ्यासाठी आपण गावच्या पोरांच्या तोंडची पावकी नोकरीची शेवटची आठ वर्षं बंद ठेवली, आणि वर त्या पोरीला म्हणालो, माझा काय इलाज. लाज साहेबांना वाटायला हवी होती, ती गुरुजींनाच वाटली.

ऑलिव्ह हिलला शनिवारी सुट्टी असे आणि मराठी शाळा शनिवारी सकाळची. त्या शनिवारी गुरुजी धार काढून थेट गावातल्या शाळेत गेले. पटावर अकरा मुलं उरली होती. तरुण बाई एकट्याच होत्या आणि मोबाइलवर कसली तरी माहिती भरत होत्या. मुलं भिंतीवरचा मोर रंगवत होती. राजेश्वरीच्या मुलीने मोराचे पाय निळे केले होते.

"बाई, वीस मिनिटं देता का मला?" गुरुजींनी विचारलं. "उजळणी घेतो."

बाईंनी मोबाइल खाली ठेवला. "घ्या की गुरुजी. पण पाठांतर घेतलेलं कळलं तर वरून विचारतात. लेखी मागतात."

गुरुजींनी चपला काढल्या, वर्गात गेले आणि राजेश्वरीच्या मुलीला पुढे उभं केलं.

"मागू द्या," ते म्हणाले. "खुलासा मी लिहीन. या वेळी मोठा लिहीन."